नोकरीचं ‘डिपॉझिट’ भरलं आणि माझ्या नावावर पॉलिसी निघाली

‘विमा कंपनीच्या बॅक ऑफिससाठी मुली पाहिजेत, पगार १४,०००, अनुभवाची अट नाही, कोल्हापूर.’ अशा जाहिरातीवर फोन करण्याआधी हे वाचा, आणि तुमच्या गावाकडच्या पोरींनाही वाचायला द्या. बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी झालेल्या, तालुक्याहून एसटीनं रोज ये-जा करू शकणाऱ्या मुलींना डोळ्यासमोर ठेवूनच ही जाहिरात लिहिलेली असते. मी त्यातलीच एक.

ऑफिस राजारामपुरीत होतं. भिंतीवर एका मोठ्या विमा कंपनीचं कॅलेंडर आणि पोस्टर. कॅलेंडर तर कुठल्याही एजंटाच्या घरी असतं, पण पहिल्यांदा मुलाखतीला आलेल्या मुलीला ती कंपनीचीच शाखा वाटते. काम सांगितलं ते असं: अर्ज तपासायचे, एक्सेलमध्ये नोंदी ठेवायच्या, हप्त्याची आठवण करून द्यायला फोन करायचे. मुलाखतीत मात्र कॉम्प्युटरबद्दल एकही प्रश्न आला नाही. शेती किती, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, नात्यात नोकरीला कोण कोण आहे, हेच विचारलं. आपल्याकडे अशी चौकशी कोणीही करतं, त्यामुळे त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं. ती चौकशी कशासाठी होती ते पुढे कळलं.

निवड झाल्याचं त्याच दिवशी सांगितलं. २५,००० ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, वर्षानं परत मिळणार, आणि ३,५०० ट्रेनिंग फी रोख. आण्णांनी उसाच्या बिलातून पैसे दिले. डिपॉझिट माझ्याच मोबाइलवर आलेल्या लिंकवरून भरायला लावलं, ओटीपी तिथंच बसून घेतला. ‘ऑफिसचा ईमेल’ म्हणून माझ्या नावानं एक ईमेल उघडला, त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: व्हेरिफिकेशन कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर जॉइनिंग लेटर अडकेल.

कॉल आला तेव्हा ‘सर’ माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले होते. पलीकडची बाई भरभर हिंदीत बोलत होती. नाव, जन्मतारीख, नॉमिनी, ‘दस साल’, ‘सालाना’. प्रत्येक प्रश्नाला सर मान हलवायचे आणि मी ‘जी’ म्हणायचे. शेवटी त्यांनी अंगठा वर केला आणि शिपायाला चहा सांगितला. तो कॉल विमा कंपनीचा होता. पॉलिसी देण्याआधी ग्राहकाला सगळं समजलंय ना, हे विचारणारा. ग्राहकाच्या संरक्षणासाठी असलेलाच कॉल माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून तयार झाला.

कामावर रुजू झाल्यावर पहिलं काम मिळालं ‘डेटा एंट्री’चं: नातेवाईक आणि ओळखीच्या शंभर लोकांची नावं, नंबर, व्यवसाय. नंतर आयसी-३८ परीक्षेचं पुस्तक हातात दिलं. ही परीक्षा विमा एजंट होण्यासाठी असते. ऑफिसात कागदपत्रं सांभाळणाऱ्याला तिची गरज नसते. पगाराचं विचारलं तर उत्तर मिळालं, “आधी एजंटचा कोड मिळू दे, मग कमिशन सुरू होईल.”

उलगडा झाला बँकेत. पासबुक भरून घेतलं तर त्या २५,००० समोर विमा कंपनीचं नाव छापलेलं. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करून पॉलिसीची प्रत माझ्या खऱ्या ईमेलवर मागवली. वर्षाला २५,००० असा दहा वर्षांचा हप्ता, म्हणजे अडीच लाखांची जबाबदारी. अर्जात माझा व्यवसाय ‘स्वतःचा उद्योग’ आणि उत्पन्न सहा लाख! पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमिशन सगळ्यात जास्त असतं, त्यासाठी हा खटाटोप.

आता मी खरोखरच एका विमा शाखेत ऑफिस असिस्टंट आहे, म्हणून सांगते. आलेले कागद इनवर्डला चढवणं, प्रपोजल फॉर्म आणि केवायसी जुळवून पाहणं, परत आलेल्या चेकचा पाठपुरावा, पत्ता किंवा नॉमिनी बदलाचे अर्ज, क्लेमच्या फायली. दिवस यातच जातो. या नोकरीसाठी माझ्याकडून कोणी एक रुपया घेतला नाही की नातेवाइकांची यादी मागितली नाही.

पैसे परत मिळण्याचा रस्ता आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री लूक’ मुदतीत ती परत करता येते; थोड्या दिवसांच्या विमा संरक्षणाची रक्कम, वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्प ड्यूटीचा खर्च वजा करून बाकी पैसे मिळतात. मला कंपनीनं सांगितलं की मुदत संपली, पॉलिसी ईमेलवर केव्हाच पाठवलीय, शिवाय कॉलवर तुम्ही हो म्हटलंय. मग मी लेखी तक्रार केली. सोबत डिपॉझिटची हातानं लिहिलेली पावती, ‘सगळ्याला हो म्हणा’ हा मेसेज, आणि सहा लाख उत्पन्न खोटं असल्याचं दाखवायला आण्णांचा उत्पन्नाचा दाखला. तो ईमेल माझ्या ताब्यात कधीच नव्हता हेही लिहिलं. तीच तक्रार विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर टाकली. तिथला फोन नंबर १५५२५५ आहे. त्यानंतर कंपनीनं पॉलिसी रद्द करून हप्ता परत केला. कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, आणि तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

रोख दिलेले ३,५०० आले नाहीत. त्यांची पावतीच नव्हती. पोलिसांत अर्ज दिलाय. यादीतले नंबर मात्र त्यांच्याकडेच राहिले. “तुमच्या भाचीनं नंबर दिलाय” म्हणून माझ्या मामींना अजून फोन येतात, आणि प्रत्येक वेळी मला मामींना सगळं पुन्हा समजावून सांगावं लागतं. तुमच्याकडूनही असं डिपॉझिट घेतलं असेल तर आजच पासबुक भरून घ्या आणि पैसे कोणाच्या नावावर गेलेत ते बघा. विमा कंपनीचं नाव दिसलं तर त्या ऑफिसात विचारायला जाऊ नका, थेट कंपनीला लेखी कळवा. पैसे एखाद्या माणसाच्या यूपीआयवर गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला फोन करा.