जुनी एसएलके २३० कॉम्प्रेसर: एका सीझननंतरचा अनुभव आणि मिसिंगचा छडा

गाडी १९९८ ची, पहिल्या पिढीतली मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसर, पाच गियरची मॅन्युअल. मी श्टुटगार्टच्या बाजूला राहतो. गाडीला एप्रिल ते ऑक्टोबर अशी सीझनची नंबरप्लेट घेतली आहे, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि या गाडीच्या पत्र्याला ते अजिबात सोसत नाही. घेतली तेव्हा ती सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, मधूनच एखादा ठोका चुकवायची (यालाच मिसिंग म्हणतात), आणि चढावर पाय दाबला की तीन हजार आरपीएमच्या आसपास अडखळायची. आता यातलं काहीही होत नाही. दोष कसा शोधला आणि गाडी एकूण कशी आहे, ते सविस्तर लिहितो. जुनी सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप असलेली, गाडी घेणाऱ्याला बहुतेक वेळा हाच त्रास आधी गाठतो.

गाडीची थोडक्यात ओळख. हे मॉडेल १९९६ मध्ये आलं, ब्रेमेनच्या कारखान्यात बनायचं, आणि त्याचं पत्र्याचं छप्पर बटण दाबलं की साधारण २५ सेकंदांत घडी होऊन डिकीत जातं. इंजिन २३०० सीसीच्या आतबाहेरचं, चार सिलिंडरचं. ताकद १९३ पीएस, टॉर्क २८० न्यूटन मीटर, आणि तो २५०० आरपीएमपासूनच पुरता मिळतो. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो. इथे ईटनचा सुपरचार्जर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. म्हणून पाय दाबला की वाट बघावी लागत नाही, आणि म्हणूनच या इंजिनवर माझा जीव आहे.

घेतल्यावर लगेच एका गॅरेजला दाखवली. त्यांनी बोनेट उघडून पाच मिनिटं आवाज ऐकला आणि सुपरचार्जरच बदलायला सांगितला. खर्च हजार युरोच्या पुढे. मला ते पटलं नाही, आणि कारण साधं आहे. २००० सालच्या फेसलिफ्टआधीच्या या गाड्यांमध्ये सुपरचार्जरच्या पुलीवर विजेचा क्लच असतो, एसीच्या कॉम्प्रेसरला असतो तसाच. त्याचा प्लग काढून ठेवला की सुपरचार्जर फिरतच नाही आणि गाडी साध्या २.३ लिटर इंजिनासारखी चालते. मंद होते, एखादा फॉल्ट कोड पडतो, पण चालते. मी प्लग काढला, गल्लीतून एक चक्कर मारली. सिग्नलला थरथर तशीच. जो भाग फिरतच नाही, तो गाडी कशी थरथरवेल? या एका चाचणीला पैसा लागत नाही. कुणीही सुपरचार्जर बदलायला सांगितलं तर ती आधी करून बघाच.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामांचं गॅरेज आहे. त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "स्कॅनर मागनं लाव रे, आधी सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धर आणि मला दाखव." कागदाची पट्टी धरली. ती एका लयीत फडफडत होती, पण मधूनच एक फडफड गळायची. पट्टी आत मात्र ओढली जात नव्हती. मामांनी लगेच सांगितलं, "व्हॉल्व्ह जळालेला नाय, हेड उघडायचं नाव काढू नको. मिसिंग हाय. आधी ठिणगी बघ, मग हवा बघ, पेट्रोल शेवटी." हाच क्रम मी पुढे धरला आणि तो बरोबर निघाला.

ठिणगीचं काम लवकर उरकलं. या इंजिनात दोन कॉइल आहेत आणि प्रत्येक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते, एक आणि चारची जोडी, दोन आणि तीनची जोडी. कॉइल गेली तर जोडी मरते. एकच सिलिंडर मिस होत असेल तर प्लग, त्याची वायर किंवा टोपी बघायची. माझ्याकडे मिसिंग कधी या सिलिंडरला तर कधी त्या सिलिंडरला, असं फिरत होतं. प्लग नवे टाकले, वायरी बदलल्या, कॉइल अदलाबदल करून पाहिल्या. फरक किंचित. मिसिंग एका जागी बसत नसेल तर कारण सहसा चारही सिलिंडरना सामायिक असतं, म्हणजे हवा किंवा पेट्रोल. एक गोष्ट मात्र ध्यानात राहिली: जुन्या प्लगांवर कोरडी काळी काजळी होती. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, ती पेट्रोल कमी पडल्यासारखी वागत होती आणि प्लग मात्र जास्त पेट्रोलची साक्ष देत होते. हे कोडं सुटलं तेव्हा सगळंच सुटलं.

युरोपातल्या या वयाच्या गाडीला नेहमीचा स्कॅनर चालत नाही. बोनेटखाली ३८ पिनांचं गोल सॉकेट आहे, त्यासाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. तो मिळवून आकडे वाचले. आयडलिंगला कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल सुमारे चौदा टक्के वाढवून देत होतं. आरपीएम अडीच हजारावर धरले की तीच वाढ तीन टक्क्यांवर यायची. हा हवेच्या गळतीचा ठसा आहे. इंजिन मंद चालतं तेव्हा ते थोडीच हवा घेतं, त्यामुळे चोरवाटेने येणाऱ्या हवेचा वाटा मोठा असतो. वेग वाढला की तीच चोरटी हवा एकूण हवेत हरवून जाते. उलट आत येणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सर कमी मोजत असेल तर वाढ आरपीएम आणि लोडबरोबर चढत जाते. सेन्सर मागवण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले तर बरेच पैसे वाचतात.

सुपरचार्जरच्या गाडीत गळतीचा मामला साध्या गाडीपेक्षा गुंतागुंतीचा होतो. हवेचा रस्ता असा आहे: एअर फिल्टर, मग एअर मास सेन्सर, मग सुपरचार्जर, मग हवा थंड करणारा समोरचा इंटरकूलर, मग पाय दाबला की उघडणारी झडप म्हणजे थ्रॉटल, मग हवा सिलिंडरना वाटणारा इनटेक मॅनिफोल्ड. सेन्सर आणि सुपरचार्जर यांच्या मध्ये भोक पडलं तर न मोजलेली हवा आत येत राहते. सुपरचार्जर आणि थ्रॉटल यांच्या मध्ये पडलं तर आयडलिंगला फारसं जाणवत नाही. पाय दाबला की मोजून घेतलेली हवा बाहेर फुकट जाते, कंट्रोल युनिट मात्र त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल देतं आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आणि थ्रॉटलच्या पुढे भोक असेल तर एकच भोक दोन्ही उद्योग करतं. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा दाब, आला की तीच हवा बाहेर फेकली जाते, मिश्रण घट्ट. माझे प्लग काळे का होते, त्याचं उत्तर इथेच होतं. सुपरचार्जरच्या गाडीचं मिसिंग शोधताना नुसतं आयडलिंग बघू नका, नुसता पिकअपही बघू नका. दोन्ही लक्षणं एकत्र मांडली की भोक कुठल्या टप्प्यात आहे ते घरबसल्या कळतं.

प्रत्यक्ष जागा शोधायला धुराची चाचणी हवी. इथे तासाच्या भाड्यावर लिफ्ट आणि हत्यारं देणाऱ्या वर्कशॉप असतात, तिथेच धुराचं मशीनही मिळालं. फिल्टरच्या पुढच्या पाइपाला बूच लावून धूर सोडला आणि टॉर्च तिरका धरून बसलो. थोड्या वेळाने मॅनिफोल्डच्या पोटाखालून, हात जेमतेम पोचेल अशा जागेतून, एक बारीक करडी रेघ वर आली. क्रँककेसच्या वाफा मॅनिफोल्डकडे नेणारा ब्रीदर होज, त्याचा रबरी कोपरा. बोटाने दाबला तर बिस्किटासारखा मोडला. पंचवीस वर्षं तेलाची वाफ आणि उष्णता खाल्लेल्या रबराकडून दुसरी अपेक्षाच नाही; यात बनवणाऱ्याचा काही दोष मी मानत नाही. होजचा सेट आणि गास्केट मिळून खर्च शंभर युरोच्या आत राहिला, पण हात घालायला जागा नसल्यामुळे अख्खा शनिवार गेला. ब्रेक क्लीनर फवारून गळती शोधायचे सल्ले बरेच ऐकायला मिळतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते करू नका, भडका उडतो.

आयडलिंग त्याच संध्याकाळी सुधारलं. चढावरचं अडखळणं कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. धुराच्या मशीनचा दाब अगदी थोडा असतो, त्यामुळे फक्त बूस्टखाली उघडणारी फट त्यात दिसत नाही. ती तेलाने दाखवली: इंटरकूलरच्या एका होजच्या क्लॅम्पखाली ओलसर तेलकट वर्तुळ होतं, त्याला धूळ चिकटलेली. हवेच्या नळीने अर्ध्या बारपर्यंतच दाब दिला, साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. नवा क्लॅम्प, होजचं तोंड साफ, काम झालं.

पुढची गोष्ट या इंजिनाच्या प्रत्येक मालकाने तपासावी. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, हेडवर, कॅमशाफ्टची वेळ बदलणारा मॅग्नेट असतो. जुना झाला की त्यातून तेल झिरपून थेट त्याच्या कनेक्टरमध्ये उतरतं आणि वायरीच्या आवरणातून, तांब्याच्या तारांमधून पुढे सरकत जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. लॅम्ब्डा सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) कनेक्टरपर्यंत किंवा कंट्रोल युनिटपर्यंत ते पोचलं की मग दोष कुठे आहे हे शोधता शोधता माणूस वेडा होतो. माझा कनेक्टर काढला तेव्हा दोन्ही पिना तेलाने चमकत होत्या. सुदैवाने कंट्रोल युनिटची पेटी उघडली ती कोरडी निघाली. मॅग्नेट नवा बसवला आणि तो आणि कनेक्टर यांच्या मध्ये जोडायची छोटी वायर टाकली, म्हणजे पुन्हा तेल आलंच तर ते त्या तुकड्यातच अडेल. त्यासाठी लागणारा पैसा कंट्रोल युनिटच्या किमतीपुढे काहीच नाही.

एअर मास सेन्सर शेवटी तपासला. त्याचा कनेक्टर काढून गाडी जास्त गुळगुळीत चालली तर सेन्सरवर संशय घ्यायचा. माझी तशी चालली नाही, त्यामुळे तो जुनाच ठेवला. बाजारात स्वस्त नकली सेन्सर भरपूर आहेत. चांगला चालणारा जुना काढून तसला बसवणं म्हणजे हौसेने दुखणं विकत घेणं.

एवढं होऊनही सिग्नलला स्टीअरिंगमध्ये कंप होताच. पण आता आरपीएमचा काटा स्थिर होता आणि कागदाची पट्टीही एकसारखी फडफडत होती. म्हणजे इंजिन नीट चालत होतं, त्याचा कंप बॉडीत उतरत होता. इंजिनाची माउंटिंग्ज आतून द्रव भरलेली असतात. ती खाली बसली होती. दोन्ही बाजूंची बदलली आणि गाडी शांत झाली. काटा हलतोय की नुसती बॉडी हलतेय, हा फरक पहिल्याच दिवशी करायला हवा, कारण दोन्हींचे इलाज पूर्ण वेगळे.

सुपरचार्जर तोच आहे. त्याचं गियरचं तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळं, अगदी थोडं असतं. ते काळं आणि उग्र वासाचं निघालं, नवं भरलं. खडखड नाही, क्लच एका झटक्यात लागतो.

आता वापराबद्दल. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणारा ब्लॅक फॉरेस्टमधला बी ५०० रस्ता ही या गाडीची खरी जागा. चौथ्या गियरमध्येच वळण घ्यावं आणि बाहेर पडताना पाय दाबावा, सुपरचार्जरची बारीक शीळ छप्पर उघडं असलं की छान ऐकू येते. स्टीअरिंग जरा सुस्त आहे, मॅन्युअल गियरही लोण्यासारखे पडत नाहीत; अगदी टोकदार स्पोर्ट्स कार हवी असेल तर ही नाही. आतल्या प्लॅस्टिकवरचा मऊ रंग सोलला जातो, तो या पिढीचा आजारच आहे. चाकांच्या कमानी आणि डिकीच्या कडा गंजासाठी नीट बघून घ्या. छप्पर उघडं असताना डिकीत दोन छोट्या बॅगा बसतात, त्याहून जास्त नाही.

घेताना गाडी थंड असतानाच बघायला जा, विकणाऱ्याने आधी तापवून ठेवलेली असेल तर परत या. इथली दर दोन वर्षांची तांत्रिक तपासणी पास असली तरी ती ब्रेक, गंज आणि धुराचं प्रमाण सांगते. आयडलिंग कसं आहे हे सांगत नाही. माझ्या गाडीचा शिक्काही ताजाच होता. बोनेट उघडल्यावर परवानगी घेऊन कॅमशाफ्ट मॅग्नेटचा कनेक्टर काढा आणि पिना बघा. तेल असेल तर कंट्रोल युनिटची पेटीही उघडायला सांगा. विकणारा नको म्हणाला तर भावात तेवढी रक्कम धरून चला. पुढच्या एप्रिलच्या आधी मी बाकीचे बारीक व्हॅक्यूम पाइपही बदलणार आहे. हाताला ते अजून मऊ लागतात, पण वयाने त्या मोडलेल्या कोपऱ्याच्या बरोबरीचेच आहेत.