जुनी फोर व्हील ड्राइव्ह फॅमिली कार : वर्षभर चालवल्यानंतर

जुनी फोर व्हील ड्राइव्ह घ्यावी का, असं कुणी विचारलं की मी हल्ली उलट विचारतो : चारही टायर एकदम बदलायची तयारी आहे का? नसेल तर साधी टू व्हील ड्राइव्ह घ्या, सुखी राहाल. मी घेतली, वर्ष होत आलं, आणि गाडीवर खूश आहे. पण ज्या कारणांसाठी घेतली होती ती कारणं आणि आज ज्या कारणांनी आवडते ती, यांचा फारसा संबंध उरलेला नाही.

मॉडेलपेक्षा सिस्टीमबद्दल लिहितो, कारण थोड्याफार फरकाने हीच सिस्टीम कितीतरी फॅमिली एसयूव्हींमध्ये असते. जाहिरातीत सरसकट ‘फोर बाय फोर’ म्हणून मोकळे होतात, पण आत तीन वेगळ्या जाती आहेत. जिम्नीसारख्या गाडीत ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी) आणि हाताने टाकायचा लिव्हर असतो. एरवी ती मागच्या चाकांवर चालते. लिव्हर फोर एचला, म्हणजे चारही चाकांच्या खुणेला, टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे दांडे) एकमेकांना पक्के जोडले जातात. चिखलात, वाळूत उत्तम. कोरड्या डांबरावर मात्र वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक पोटात घ्यायला मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) नसतं, मग गाडी अडखळते आणि सगळा ताण गिअर नि शाफ्टवर येतो. दुसरी जात कायम चारही चाकांवर चालणारी, मध्ये स्वतंत्र डिफरन्शियल असलेली. १९७० ची पहिली रेंज रोव्हर अशी होती. तिसरी जात आपली, म्हणजे घरच्या वापराची : पुढची चाकं कायम, मागची गरजेपुरती. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक कपलिंग असतं, त्यात पातळ क्लच प्लेटा. पुढचं चाक घसरायला लागलं किंवा घसरेल अशी शंका कॉम्प्युटरला आली, की प्लेटा दाबल्या जातात आणि मागची चाकं कामाला लागतात.

माझी गाडी या तिसऱ्या जातीची, ऑटोमॅटिक. खडतर रस्त्यांचे शौकीन या जातीला नाक मुरडतात. मुरडोत. त्यांच्या गाडीत मागे दोन मुलं आणि आई तीन तास बसून दाखवू देत.

घेताना काय बघितलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. रंग, सीट, टचस्क्रीन याला फार वेळ दिला नाही. गाडी रॅम्पवर चढवायला लावली आणि खालून बघितली. मागच्या डिफरन्शियलभोवती तेलाचा ओला पट्टा आहे का, शाफ्टचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का, प्रोपेलर शाफ्ट (पुढून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) हाताने हलवला तर खडखडतो का. खालून नवंकोरं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, त्याखाली गंज झाकलेला असू शकतो. बोल्टांच्या कडा आणि सस्पेन्शनचे जोड नीट बघा. मग कोरड्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फेऱ्या, दोन्ही बाजूंनी. टकटक आली तर शाफ्टचे जॉइंट संपत आलेत. मागून गुरगुर, थरथर किंवा कुणी ब्रेक दाबून धरल्यासारखं वाटलं तर कपलिंगकडे संशयाने बघायचं. माझ्या गाडीत ती थरथर होती, अगदी हलकी.

तरी घेतली, कारण सर्व्हिसची कागदं वाचली होती. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं, पण मागच्या डिफरन्शियलच्या नि कपलिंगच्या तेलाची एकही नोंद नाही. गाडीला मागे काही आहे हे आधीच्या मालकाला माहीत तरी होतं का, कोण जाणे. ही नोंद दाखवून भाव खाली आणता आला, आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम तेच केलं.

त्या दिवशी मेकॅनिकने एक गोष्ट केली ती लक्षात ठेवण्यासारखी. तेल काढायच्या बोल्टला हात लावण्याआधी त्याने तेल भरायचा बोल्ट सैल करून बघितला. म्हणाला, “साहेब, हा नाही निघाला आणि खालून तेल सोडून बसलो, तर गाडी इथेच राहील.” मग खालचा बोल्ट काढला. त्याच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर राखाडी लोण्यासारखा थर बसला होता. त्याने तो बोटांत चोळून बघितला. नुसता मऊ थर म्हणजे नेहमीची झीज. कण टोचले, तुकडे लागले, तर दातांचं काहीतरी गेलेलं असतं. आमचा मऊ निघाला. तेल मात्र काळं, जळका वास मारणारं. कपलिंगचं तेल कंपनीने सांगितलेलंच भरलं (इथे ‘चालतं हो, दुसरं टाकू’ ऐकू नका, ते तेल प्लेटांच्या घर्षणासाठी बनवलेलं असतं). दोन-तीन आठवड्यांत थरथर गेली ती गेलीच.

आता टायर. ही गोष्ट विकणारा कधीच सांगत नाही. २२५/६५ आर १७ या मापाचा टायर नवा असताना किलोमीटरला अंदाजे ४४० फेऱ्या मारतो. तोच तीन मिलिमीटर झिजला की घेर जवळपास १९ मिलिमीटरने कमी होतो, आणि त्याच किलोमीटरला साडेतीन-चार फेऱ्या जास्त माराव्या लागतात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर हा फरक सरळ रस्त्यावरही सतत चालू राहतो, आणि तो जातो कुठे? कपलिंगच्या प्लेटांत, उष्णता होऊन. कॉम्प्युटरही गोंधळतो; चाक घसरतंय असं समजून मागची चाकं उगाच जोडत राहतो. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, सारखे झिजलेले हवेत, आणि पुढचे-मागचे वेळच्या वेळी अदलाबदल करायचे. एक टायर फाटला तर टू व्हील ड्राइव्हवाला एक किंवा दोन घेऊन मोकळा होतो. आपल्याला चार लागू शकतात. जुनी गाडी बघायला जाताना नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज खिशात ठेवा. चार टायर चार जातीचे दिसले तर मालकाने बाकी काय काय केलं असेल याचा अंदाज येतो.

चालवायला कशी? बहुतेक वेळ अगदी साध्या गाडीसारखी. फरक पडतो तो निसरड्या चढावर थांबून पुन्हा निघताना, ओल्या गवतावरच्या पार्किंगमधून बाहेर येताना, चिखलाच्या कच्च्या वाटेवर. पुढची चाकं अर्धी फेरी घसरतात न घसरतात तोच मागून ढकलल्यासारखं होतं आणि गाडी निघते. लॉकचं बटण दाबलं की मागची चाकं आधीच जोडली जातात, वेग वाढला की ते आपोआप सुटतं. एक चाक हवेत राहिलं तर ते क्षणभर जागच्या जागी फिरतं. तेव्हा घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, बेताने दाबून धरायचा. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, ताकद दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे जाते आणि गाडी सुटते. मऊ वाळूत फार वेळ जोर केला तर मात्र कपलिंग तापतं, दिवा लागतो, आणि सिस्टीम थंड होईपर्यंत तुमच्याकडे फक्त पुढची चाकं. उतरून चहा प्या.

ब्रेकच्या बाबतीत काडीचाही फायदा नाही, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवलंय. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ही गाडी निसरड्यावर निघते झोकात, त्यामुळे रस्ता किती घसरडा आहे ते कळतच नाही, थांबताना कळतं.

घरच्यांचं मत वेगळं. मागच्या मधल्या सीटच्या पायाशी शाफ्टसाठी उंचवटा आहे, तिथे बसायचं कुणाची पाळी यावरून प्रत्येक प्रवासाला भांडण. डिकीचा तळ टू व्हील ड्राइव्हवाल्यापेक्षा उंच, खाली डिफरन्शियल असल्यामुळे. मोठी बॅग उभी राहत नाही. आईला चढायला उंच पडते, पण एकदा बसली की समोरचा रस्ता नीट दिसतो म्हणून तिला हीच आवडते. ॲव्हरेज कमी आहे, वजनच जास्त. अपेक्षेपेक्षा वाईट नाही, एवढंच म्हणेन.

एक गोष्ट गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवली आहे : बंद पडली तर चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच न्यायची. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत नेली तर शाफ्टमार्गे कपलिंग फिरत राहतं आणि निकामी होऊ शकतं. टोइंगवाले घाईत असतात, विचारत नाहीत.

वर्षातून मोजके दिवस घसरड्या रस्त्यावर जाणार असाल तर मी तरी टू व्हील ड्राइव्ह आणि चांगले टायर असंच सुचवेन. आमच्या वाटेवर उताराचा कच्चा रस्ता रोजचाच आहे, म्हणून आम्हाला परवडते. पुढच्या सर्व्हिसला प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग बघायला सांगितलंय. ताशी ७० च्या आसपास मागून हलकी घरघर यायला लागली आहे आणि टायर तर चारही सारखेच आहेत.