७१०चा शिक्का, आत कमर्शियल प्लाय

पडवीत सुतारकामाचं टेबल करायचं तर खालचा सांगाडा कसाही ठोकता येतो. पैसे जातात ते वरच्या फळीत, आणि फसवतातही तिथेच. आमच्या चिपळूणकडे चार महिने पाऊस. पडवीच्या भिंतीला ओल असते. टेबलावर रंधा मारायचा, पटाशी ठोकायची, मधूनच फेविकॉल सांडायचा. त्यामुळे एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड आधीच बाद. कडेनं एकदा पाणी प्यायले की फुगतात ते परत बसत नाहीत, आणि कडेला मारलेला स्क्रूही धरत नाहीत. सनमायका लावली तर लाकूड त्यावरून सरकतं. अखंड सागाची फळी खिशाला झेपणारी नव्हती. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा लगेच धरतो.

म्हणून १८ मिमीचा, ८ बाय ४ फुटांचा एक मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, ७१० क्रमांकाच्या मानकाचा प्लाय घ्यायचा, लांबीत मधोमध फाडायचा आणि दोन्ही अर्धी एकावर एक चिकटवायची असं ठरवलं. एकाच शीटमधून ८ फूट लांब, २ फूट रुंद, ३६ मिमी जाड फळी निघते. या हिशेबात आजही मला काही चूक दिसत नाही. माल तेवढा खरा हवा.

दुकान ओळखीच्या मिस्त्रीनं सुचवलं. काउंटरवर नमुन्याचा तुकडा होता: गडद लाल फेस, म्हणजे सगळ्यात वरचा पदर, कडेला डिंकाच्या काळपट रेघा, हातात घेतला की जड. दुकानदार म्हणाला, "काका, ७१० आहे. उकळत्या पाण्यात टाका, काही होणार नाही." भाव त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवला, ‘७१० मरीन १८ एमएम’ असं लिहून. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलंत तर १८ टक्के वर पडतील. घरच्या कामाला बिल कशाला?" हातात आली ती एस्टिमेटची चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं एवढंच: ‘प्लाय १८, १ नग’. ग्रेड नाही, कंपनी नाही. माल गोडाऊनमधून टेम्पोनं संध्याकाळी घरी आला, ताडपत्रीखाली.

शीटवर शिक्का होता. ‘मरीन’ मोठ्या अक्षरात आणि खाली ‘७१० ग्रेड’. आयएसआयची खूण नव्हती आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांकही नव्हता. इथेच सगळी मेख आहे. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. त्यातला डिंक फिनॉलचा असतो आणि तुकडा ७२ तास उकळला तरी पदर सुटता कामा नयेत अशी त्याची चाचणी आहे. पण ‘७१० ग्रेड’ एवढे शब्द कुणीही रबरी शिक्क्यानं उठवू शकतो. खऱ्या खुणेवर वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली परवान्याचा. तो परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होतं हे काम.

शीट फाडल्यावर पोटातला माल दिसला. मधल्या कोअरमध्ये एके ठिकाणी पट्ट्यांच्या मध्ये फट, एवढी की लांबी (पुट्टी) भरायची पत्ती सरळ आत गेली. दुसरीकडे दोन पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या, तिथे पृष्ठभागाला उंचवटा. व्हर्नियर लावला तर जाडी १६.३ मिमी. १८च्या प्लायला ५ टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे १७.१च्या खाली जायला नको. दोन्ही अर्धी वजनकाट्यावर मिळून २६ किलो भरली. चांगल्या कठीण लाकडाचं याच मापाचं शीट ३५ किलोच्या आसपास भरतं. सांडलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं पुसला तर फडकं लालभडक झालं. गर्जन या लालसर कठीण लाकडाचा म्हणून दाखवलेला फेस हलक्या लाकडाला रंग मारून केलेला होता.

मग दुकानदाराच्याच शब्दाला जागलो. पाणी तापवायच्या चुलीवर जुना टोप ठेवला आणि त्यात या शीटचा एक तुकडा टाकला. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट केलं तेव्हाचा खऱ्या मरीन प्लायचा एक तुकडा पडून होता, तोही टाकला. तासाभरात नव्या तुकड्याचे कोपरे सुटले. दुपारपर्यंत भिजलेल्या वहीसारखी त्याची पानं वेगळी झाली. डिंकाच्या त्या काळपट रेघांचा रंग पाण्यात उतरला होता. म्हणजे डिंक साधा युरियाचा, कमर्शियल, म्हणजे कोरड्या जागेच्या साध्या प्लायला वापरतात तो, आणि फिनॉलचा वाटावा म्हणून त्यात रंग कालवलेला. सिंकखालचा तुकडा रात्रीपर्यंत उकळला. काळवंडला, पण नखानं एक पदर सुटेना. काही जण कडेची रेघ बघून डिंक ओळखता येतो म्हणतात. मी तरी आता रेघेवर विश्वास ठेवणार नाही.

दुकानात दोन्ही तुकडे घेऊन गेलो. आधी "कंपनीचा माल आहे". मग "तुमच्याकडे पाणी लागलं असेल". शेवटी "कापलेला माल परत होत नाही". न कापता प्लायच्या पोटात काय आहे ते बघायचं कसं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ला फोन करून तक्रार नोंदवली. चिठ्ठीवर मालाचं वर्णनच नसल्यामुळे ती असून नसल्यासारखी. कामाला आला तो व्हॉट्सॲपवरचा भाव, कारण त्यात ‘७१० मरीन’ दुकानदाराच्याच नंबरवरून लिहिलेलं होतं. सोबत व्हर्नियरचे आणि टोपातल्या तुकड्यांचे फोटो जोडले. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. त्यानंतर त्याचा फोन आला.

पैसे परत द्यायला तयार झाला, पण पूर्ण नाही. म्हणाला, "काका, सगळे कुठून देऊ? त्यातले मिस्त्रीचे गेलेत ना." दुकान सुचवण्याचं कमिशन माझ्याच शीटच्या किमतीत होतं, हे मला तेव्हा कळलं. ते वजा करून उरलेले यूपीआयनं घेतले. टेम्पोभाडं आणि हमाली माझ्या अंगावर.

दुसरं शीट वेगळ्या दुकानातून घेतलं, मिस्त्रीला न विचारता. गोडाऊनमध्ये जाऊन तिथल्या थप्पीतलं शीट स्वतः निवडलं, चारही कडा बघितल्या, जाडी मापली, परवाना क्रमांक ॲपवर तपासला, शीटवर सही केली आणि तेच टेम्पोत चढेपर्यंत तिथून हललो नाही. पक्क्या बिलावर कंपनी, ‘आयएस ७१०’, जाडी आणि माप लिहून घेतलं. १८ टक्के जीएसटी भरला. पहिल्या दुकानदाराच्या ‘बिनबिलाच्या’ भावापेक्षा हे शीट थोडंच महाग पडलं.