पोस्टमास्टर टूल्स, दहा महिन्यांनंतर: तक्रारी शून्यावर आल्या आणि मला धडकी भरली

पुण्यातल्या एका मराठी पुस्तकांच्या दुकानाचा ऑनलाइन कारभार मी बघते. दर शनिवारी सकाळी नव्या पुस्तकांचा मेल जातो. यादीत साधारण १४,००० पत्ते, त्यातले ९,००० जीमेलचे. खासगी जीमेल खात्यांवर एका दिवसात ५,००० च्या आसपास मेल गेले की गूगल तुम्हाला घाऊक पाठवणारा धरतं, आणि एकदा धरलं की धरलं. पुढे मेल कमी केले तरी ती नोंद पुसली जात नाही. फेब्रुवारी २०२४ पासून अशा मंडळींसाठी नियम कडक झाले. आपल्या डोमेनवरून (वेबपत्त्यावरून) गेलेल्या मेलचं जीमेलमध्ये काय होतं ते दाखवणारं गूगलचं पोस्टमास्टर टूल्स आम्ही जानेवारीत सुरू केलं. फुकट आहे. डोमेनच्या डीएनएसमध्ये (त्याच्या सार्वजनिक नोंदवहीत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकली की मालकी सिद्ध होते, बस.

पहिल्याच दिवशी त्याने एक काम करून दिलं. नियम पाळले जातात का ते दाखवणाऱ्या कम्प्लायन्स स्टेटसच्या पानावर एसपीएफ आणि डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे हे तपासायच्या दोन पद्धती), एन्क्रिप्शन सगळं ठीक होतं, डीमार्कसमोर मात्र खूण नव्हती. त्या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते डीमार्कची नोंद सांगते. ती नोंद आम्ही कधी टाकलीच नव्हती. किमान धोरण, म्हणजे ‘पी=नन’ (काहीच कारवाई नको), ठेवलं तरी नियम पुरा होतो. अर्ध्या तासाचं काम.

खरा आकडा म्हणजे स्पॅम रेट. मेल इनबॉक्समध्ये पोचल्यावर किती जणांनी ‘स्पॅम’ दाबलं, त्याची टक्केवारी. गूगल सांगतं की ती ०.१ च्या खाली ठेवा आणि ०.३ ला कधीच टेकू देऊ नका. हजारात तीन माणसं! एवढ्यावर दुकानाची पत ठरते, हे मला आधी पटतच नव्हतं. जूनपर्यंत आमचा आकडा ०.०५ च्या आगेमागे होता.

जुलैत आम्ही चूक केली. पुस्तक प्रदर्शनातल्या सोडतीच्या वहीत लोकांनी लिहिलेले दोन हजारांवर पत्ते कुणीतरी टाइप करून ठेवले होते, ते मुख्य यादीत घातले. त्या लोकांनी सोडतीसाठी पत्ता दिला होता. दर शनिवारी मेल पाठवा असं कुणीही म्हटलं नव्हतं. सोमवारी आलेख उघडला तर शनिवारचा ठिपका ०.६ वर. नऊ-दहा हजार मेल इनबॉक्समध्ये पडले असं धरलं तरी पन्नासहून जास्त माणसांनी आम्हाला स्पॅम म्हटलं होतं. पुढच्या शनिवारी ०.४. त्यानंतर दोन आठवडे सरळ शून्य.

ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटेना, कारण त्याच दोन आठवड्यांत मेलवरून येणाऱ्या ऑर्डरी जवळजवळ थांबल्या होत्या. बहिणीला तिचं जीमेल उघडायला सांगितलं. दोन्ही मेल तिच्या स्पॅममध्ये होते. भावाकडेही तेच. मग उलगडा झाला: जो मेल थेट स्पॅममध्ये जातो त्याच्यावर कुणी ‘स्पॅम’ दाबणार कसं? तक्रारी संपल्या नव्हत्या, तक्रार करण्याजोगं काही लोकांसमोर येतच नव्हतं. हे सूत्र गूगलच्या मदतपानावर लिहिलेलं आहे, पण मी ते नजरेखालून घातलं होतं, समजून घेतलं नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे पैसे भरल्याच्या पावत्या त्याच डोमेनवरून जात असल्यामुळे त्याही अडकल्या आणि ‘पैसे गेले, पावती कुठाय’ असे फोन सुरू झाले. पावत्या आता वेगळ्या सबडोमेनवरून (त्याच डोमेनच्या उपनावावरून) जातात.

गूगलकडे दाद मागायची सोयही ०.३ च्या वर असलेल्यांना नाही. आधी सलग सात दिवस खाली राहून दाखवावं लागतं. आम्ही वहीतले पत्ते काढले. महिनाभर फक्त गेल्या सहा महिन्यांत मेल उघडलेल्या किंवा पुस्तक घेतलेल्या लोकांनाच मेल पाठवला. तिसऱ्या शनिवारी आकडा शून्यावरून ०.०८ वर चढला तेव्हा मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. मेल पुन्हा इनबॉक्समध्ये पडायला लागला होता.

दोष वहीचाच, हे फीडबॅक लूपमुळे, म्हणजे तक्रारींची माहिती पाठवणाऱ्याला परत देणाऱ्या सोयीमुळे, खात्रीने कळलं. मेलच्या हेडरमध्ये (एरवी वाचकाला न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत) ‘फीडबॅक-आयडी’ नावाची ओळ घालून प्रत्येक यादीला वेगळी खूण दिली तर तक्रारींचं प्रमाण खुणेनुसार दिसतं. मात्र तक्रार करणाऱ्याचा पत्ता जीमेल कधीच देत नाही. याहू मात्र देतं: त्यांच्या लूपमध्ये डीकेआयएमचं डोमेन नोंदवलं की ज्या मेलवर तक्रार झाली तो अहवालासोबत परत येतो आणि तो पत्ता यादीतून काढता येतो.

असाच एक पत्ता मी काढला. सप्टेंबरात डोंबिवलीहून एका काकूंचा फोन: ‘अहो, यंदा दिवाळी अंकांची यादी नाही आली तुमची?’ आमच्या कितीतरी वर्षांच्या गिऱ्हाईक. मी हळूच विचारलं, काकू, आमच्या मेलवर स्पॅमचं बटण दाबलं होतंत का? म्हणाल्या, ‘वाचून झालं की तेच दाबते मी. डबा रिकामा होतो ना.’ त्यांना काढून टाकायचं बटण तेच वाटत होतं.

त्या फोननंतर मी आमचा मेल वाचकाच्या डोळ्यांनी पाहिला. मेल थांबवण्याची लिंक अगदी तळाशी, फिकट राखाडी, तीही इंग्रजीत. आता ती पहिल्याच ओळीत ठळक आहे: ‘हे मेल नको असतील तर इथे थांबवा’. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारा एका क्लिकचा पर्यायही चालू केला. त्याला दोन हेडर लागतात, आणि आलेली विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. थांबवणारे वाढले, तक्रारी निम्म्यावर आल्या. मला तो सौदा मान्य आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसएनडीएसबद्दल (आउटलुक-हॉटमेलसाठीच्या अशाच साधनाबद्दल) फार लिहिण्यासारखं नाही. ते आयपी पत्त्यावर, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या क्रमांकावर, चालतं. आमचे मेल दुसऱ्या सेवेच्या सामायिक आयपीवरून जातात, त्यामुळे आमच्या उपयोगाचं नाही. स्वतःचा आयपी असेल त्यांनी जरूर बघावं.

पोस्टमास्टर टूल्समध्ये काय नाही तेही सांगते. आकडा एक-दोन दिवस उशिरा दिसतो. दिवसाला मोजके मेल पाठवणाऱ्याला आलेख रिकामाच दिसेल. मेल प्रमोशन्समध्ये (जीमेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात) पडला की मुख्य इनबॉक्समध्ये, हे कळत नाही. डोमेनची पत हाय, मीडियम, लो, बॅड अशी दाखवणारा जुना तक्ता नव्या आवृत्तीत नाही, आणि जुलैत तो हाताशी असता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. म्हणून आता सोमवारी मी तीन गोष्टी शेजारी ठेवते: स्पॅम रेट, किती मेल उघडले गेले, आणि मेलवरून आलेल्या ऑर्डरी. तिन्ही एकदम खाली आले की बहिणीला फोन लावते.

काकूंचा पत्ता त्यांना विचारून परत घातला. डिलीटचं बटण फोनवरच दाखवून दिलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे तीन दिवाळी अंक सांगितले.