सहा रविवारचा 'सामाजिक उद्योजकता आणि नेतृत्व' कोर्स केला जळगावला, पैसे वसूल झाले का?

नाव टाकत नाहीये कोर्सचं, कारण थोडी तक्रार पण करायची आहे आणि मॅडम लोकांशी अजून फोनवर बोलणं असतं. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. फी ३,५०० रुपये, सहा रविवार, सकाळी १० ते ४, जेवण त्यांचं.

मी चोपडा तालुक्यातली. आमचा ११ बायांचा बचत गट आहे, उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया करतो आणि वर्षभर मसाला. भाचीने फॉर्म भरून दिला, म्हटली मामी जाऊन ये, काही नाही तर सर्टिफिकेट मिळेल. एसटीत बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून जळगाव काही महाग पडत नाही, म्हणून गेले.

पहिले दोन रविवार, खरं सांगू का, डोक्यावरून गेले. व्हिजन, मिशन, इम्पॅक्ट, स्केल... सर पुण्याहून आलेले, बोलायला गोड, पण स्लाइड सगळ्या इंग्रजीत आणि माझ्या शेजारी रावेरकडची एक ताई बसलेली ती सारखी मला विचारे की काय म्हणता ते, आणि मी तिला काय सांगणार, मलाच कळेना. मग फुगे आणि स्ट्रॉ देऊन टॉवर बनवायला लावला, टीमवर्क म्हणे. अहो आम्ही बाया लग्नात ४०० माणसांची वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी उतरवतो, दोन चुली आणि एक भांडखोर आत्याबाई सांभाळून, आम्हाला टीमवर्क फुग्यावर शिकवता का?

तिसऱ्या रविवारी मात्र बँकेतून रिटायर झालेल्या एक मॅडम आल्या, धुळ्याकडच्या, आणि तिथून कोर्स बदलला. त्यांनी स्लाइड लावलीच नाही. म्हटल्या प्रत्येकीने आपला एक माल घ्या आणि कागदावर खर्च मांडा. मी बिबडे घेतले. १० किलो ज्वारी ४०० रुपये, तिखट-लसूण-तीळ-मीठ १८०, गॅस १२०, चक्की ६०, पिशव्या ८०. झाले ८४०. माल निघतो ९ किलो, १६० ने विकतो, म्हणजे १,४४०. नफा ६००. मी खुश. मॅडमनी कागद बघितला आणि एकदम अहिराणीत, "का वं माय, तुना हात फुकटना शे का?"

सगळा वर्ग हसला, मी पण हसले, पण मग मोजायला बसले. बिबडे केलेत ना तुम्ही कोणी? ज्वारी तीन दिवस भिजवायची ती वेगळीच, पण मग दळून घाटा शिजवायचा, तो हाटायला दोन जणी लागतात, हात भाजतात, मग गच्चीवर खाटेवर ओलं धोतर टाकून गरम गरम थापायचे, मे महिन्यात, दहा वाजायच्या आत. वाळले की उलट्या बाजूने पाणी शिंपडून सोडवायचे. चार बाया, दोन दिवस. आमच्याकडे निंदणीला बाईची मजुरी २५० आहे, म्हणजे आठ रोजाचे २,०००. एकूण २,८४०, किलोला ३१५ च्या वर पडले. आणि आम्ही चार वर्षं १६० ने विकत होतो आणि गावात सांगत होतो की गट फायद्यात आहे!

मग त्यांनी लिज्जतचं सांगितलं. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं हे माहीत होतं, पण तिथे वजनावर 'वनई' म्हणजे लाटायची मजुरी वेगळी धरतात हे कधी डोक्यात घेतलं नव्हतं. म्हसवडच्या बायांच्या माणदेशी बँकेचंही सांगितलं, पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला कारण बायांचे अंगठे होते, तर त्या लिहायला शिकल्या आणि परत गेल्या, म्हटल्या आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ ला बँक सुरू झाली. हे ऐकताना रावेरच्या ताईने माझा हात दाबला.

ट्रस्ट, सेक्शन ८ कंपनी, उत्पादक कंपनी यातला फरकही त्याच दिवशी कळला. सेक्शन ८ मध्ये नफा आपसात वाटता येत नाही, उत्पादक कंपनीला निदान १० उत्पादक लागतात. आम्ही ११ आहोत, एक रुसली तरी चालेल.

चौथा रविवार बारीपाड्याला, साक्री तालुक्यात. पहाटे पाचला निघालो, गाडी खटारा होती ते सोडा. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ते पेपरात वाचलं होतं, पण गावाने स्वतः कुऱ्हाडबंदी करून, दंड ठरवून, उजाड डोंगरावर जंगल परत आणलं ते डोळ्यांनी बघणं वेगळं. तिथे व्हिजन-मिशनचा बोर्ड कुठे दिसला नाही मला, झाडं दिसली.

पाचवा रविवार सकाळी साडेआठला व्हॉट्सअ‍ॅप करून रद्द. मी विदगावच्या पुलावर, एसटीत. तिकिटाचे परत कोण देतो? सहाव्याला सर्टिफिकेट, त्यात माझं आडनाव चुकलेलं, दुरुस्त करून पाठवतो म्हटले, अजून येतंय.

घरी येऊन गटात हिशोब मांडला तर आधी भांडण झालं. भाव ३४० केला. गावातली गिऱ्हाइकं निम्मी गेली, काही बाया माझ्याशी बोलेनात. पुण्या-नाशिकची मात्र काही न बोलता घेतात, उलट भरिताच्या वांग्यांबरोबर पाठवा म्हणतात. यंदा वहीत मजुरीचे रोज लिहायचा रकाना केला तर सासूबाईंनी विचारलं, माझे पण लिहायचे का. ६८ वर्षांच्या आहेत, घाटा त्यांच्याशिवाय जमत नाही.

५ पैकी साडेतीन देते, साडेतीनमधले तीन त्या बँकेच्या मॅडमचे. जायचं असेल तर आधी फोन करून विचारा त्या आहेत का या बॅचला. आणि फी तीन हप्त्यांत घेतात, पण मागावं लागतं, आपणहून सांगत नाहीत.