अंगावर पिणाऱ्या बाळाची बाटली: आधी निपल बघा, मग खोका

कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत लहान मुलांच्या दुकानात दुधाची बाटली मागितली की काउंटरवर पाच-सहा खोकी मांडली जातात. त्यांतल्या निदान तिघांवर ‘नॅचरल’ किंवा ‘आईसारखं’ अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. या शब्दांना कसलंही माप नाही. चपट्या निपलवरही ते छापता येतात आणि उभट निपलवरही. त्यामुळे इथे ब्रँडचा पहिला-दुसरा नंबर लावलेला नाही. बाटली हातात आल्यावर काय बघायचं आणि कुठली परत ठेवायची, तेवढंच सांगितलंय.

हे सगळं अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आहे. म्हणजे आई शिरोलीला, गोकुळ शिरगावला किंवा शहरातच कामावर जाणार आणि मागे आजी नाहीतर पाळणाघरातल्या मावशी आईचंच काढून ठेवलेलं दूध पाजणार. पूर्ण वरच्या दुधावर असलेल्या बाळाचा हिशोब वेगळा.

आता निपल. अंगावर पिताना बाळ तोंड मोठं उघडतं, स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळा भागही आत ओढतं आणि ओठ बाहेर पसरलेले राहतात. बाटलीवरही तोंड तसंच उघडं राहायला हवं. म्हणून खोक्याच्या पारदर्शक बाजूतून निपल कडेने बघा. टोकापासून बुडापर्यंत ते हळूहळू रुंद होत गेलं असेल, मध्ये पायरी नसेल, तर ते कामाचं. बाळाचे ओठ त्या उतारावर टेकतात. उलट काही निपलांचं बूड घुमटासारखं रुंद आणि त्यावर आखूड, बारीक टोक एकदम उभं असतं. बघायला तेच सगळ्यात स्तनासारखं दिसतं आणि खपतंही तेच. पण ते रुंद बूड बाळाच्या तोंडात मावत नाही. ओठ त्या टोकाभोवतीच आवळले जातात आणि बाळ स्ट्रॉने प्यायल्यासारखं पितं. दर घोटाला ‘टक टक’ आवाज येतो, ओठांच्या कोपऱ्यांतून दूध गळतं, पोटात हवा जाते. संध्याकाळी आईने जवळ घेतलं की तोच आवळलेला ओठ घेऊन बाळ अंगावर येतं आणि आईला चिरा पडतात.

एका बाजूने चपटं, ‘ऑर्थोडॉन्टिक’ नावाने विकलं जाणारं निपल अंगावरच्या बाळाला आम्ही सुचवणार नाही. जीभ खोलगट करून निपलला खालून धरायची बाळाची सवय त्यावर चालत नाही. अरुंद तोंडाच्या जुन्या धाटणीच्या साध्या बाटलीला मात्र लोक उगाच नाकं मुरडतात. तिचं निपल बहुधा सरळ उतरतं असतं, आणि लहान जिवणीच्या बाळाला ती महागड्या रुंद बाटलीपेक्षा चांगली जमते.

आकार जमला की दुधाचा वेग. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. अंगावर दूध पहिल्या चोखण्याला येत नाही. बाळ आधी भराभर चोखतं, मिनीट-दीड मिनिटाने पान्हा फुटतो, मग दूध येतं, मध्येच कमी होतं, पुन्हा येतं. बाटली तोंडात घालताच ओतायला लागते. चार-आठ दिवस वेगाच्या निपलवर गेले की बाळ अंगावर आल्याआल्या चिडतं, पाठ ताणतं, आणि घरात निदान होतं, ‘आईला दूध कमी पडतंय.’ दूध कमी झालेलं नसतं, निपल जोराचं असतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यात कमी वेगाचं निपल घ्या. पण खुणा वाचताना जपून. पिजन एसएस, एस, एम, एल अशी अक्षरं वापरतं, फिलिप्स अ‍ॅव्हेंट आकडे टाकतं, आणि सगळ्या कंपन्यांना लागू असा वेगाचा एकच मापदंड नाही. एकाचं ‘स्लो’ दुसऱ्याच्या ‘मीडियम’इतकं धावू शकतं. घरी आणल्यावर उकळून गार केलेलं पाणी भरून बाटली उलटी धरा. सुरुवातीचे दोन-चार थेंब गेले की सेकंदाला एखादा थेंब पडावा किंवा पडायचं थांबावं. धार लागली तर ते निपल बाजूला ठेवा. वयाप्रमाणे ‘३ महिने’, ‘६ महिने’ अशी निपलं बदलायचीही अंगावरच्या बाळाला गरज नाही. आईच्या दुधाचा वेग वाढदिवस बघून वाढत नाही. बाळ शांतपणे पीत असेल तर तेच निपल शेवटपर्यंत चालतं.

आणि सुई तापवून भोक मोठं करणं! ही युक्ती अजून घराघरांत आहे. अशा भोकाची कड फाटत जाते, वेग हातात राहत नाही, आणि एखाद्या दिवशी सिलिकॉनचा तुकडा बाळाच्या तोंडात येतो. दूध खरंच येत नसेल तर भोकाऐवजी हवेची झडप बघा. निपलच्या बुडाशी एक बारीक चीर किंवा टोचा असतो, त्यातून बाटलीत हवा शिरते. उकळल्यावर तो चिकटतो. पाजण्याआधी दोन बोटांत धरून एकदा दाबला की उघडतो. बंद राहिला तर निपल आत बसतं, चपटं होतं. रिंग फार आवळली तरी तेच होतं, पाव फेरा सैल करून बघा.

पोटातल्या वायूसाठी आत नळी असलेल्या बाटल्या मिळतात, डॉ. ब्राउनच्या त्यांत सगळ्यात परिचित. नळीमुळे बाटलीत पोकळी होत नाही, हे खरं. पण धुवायचे भाग वाढतात, नळीला वेगळा बारीक ब्रश लागतो, आणि खुणेच्या वर दूध भरलं किंवा नळी आत ठेवूनच गरम केलं तर ती गळते. घरी एक माणूस निवांतपणे धुणार असेल तर घ्या. पाळणाघरात द्यायची असेल तर नको. तिथे एखादा भाग दुसऱ्याच्या बाटलीत जाणार आणि संध्याकाळी दुपटं ओलं घरी येणार.

बाटली कशाची, यावर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त डोकं खपवतात. साधी प्लॅस्टिकची म्हणजे पॉलिप्रोपिलीन, बुडाला त्रिकोणात ५ चा आकडा. हलकी आणि स्वस्त. पण चरे पडतात, धुरकट होते. तशी झाली की टाकायची. मधाच्या रंगाची, पीपीएसयू नावाच्या प्लॅस्टिकची बाटली जास्त उष्णता सोसते, टिकते, किंमतही चांगलीच वाढते. काचेला वास लागत नाही, चरा पडत नाही, पण जड असते, आणि उकळत्या पाण्यातून काढून थेट नळाखाली धरली तर तडकते. आईचं दूध कोमटच द्यायचं असतं, त्यामुळे घरी काच आणि पाळणाघरात पॉलिप्रोपिलीन ही जोडी आम्हाला पुरेशी वाटते. ‘बीपीए-फ्री’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. बीपीए हे पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकमधलं रसायन. २०१५ च्या भारतीय मानकाने दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट बंदच केलंय, म्हणजे तो नियम आहे, खासियत नव्हे. बघायचा तो आयएसआय शिक्का: प्लॅस्टिकच्या बाटलीवर आयएस १४६२५, काचेवर आयएस ५१६८. शिक्का नसेल तर बाटली विकणंच बेकायदा आहे. १९९२ च्या ज्या कायद्यात ही अट आहे, तोच कायदा (२००३ मध्ये तो आणखी कडक झाला) दुधाच्या बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने आणि विक्री वाढवायला दाखवलेलं कसलंही आमिष बंद करतो. तेव्हा बाटलीवर ‘एकावर एक फुकट’ दिसलं तर तो माणूस कायदा मोडतोय.

बारशाला आहेरात येणारा बाटल्यांचा सेट या बाळाच्या फारसा उपयोगाचा नाही. त्यात मोठी २५० मिलीची बाटली असते, आणि अंगावरच्या बाळाला ती लागतच नाही. एक ते सहा महिन्यांत आईचं दूध दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलीच्या आसपास राहतं, बाळ मोठं झालं म्हणून दुप्पट होत नाही. तासाला ३० ते ३५ मिली धरा. आई जाण्यायेण्यासकट नऊ तास बाहेर असेल तर २७० ते ३१५ मिली, म्हणजे ८० ते १०० मिलीच्या तीन किंवा चार बाटल्या. १२० ते १५० मिलीची बाटली बास झाली. मोठ्या बाटलीत तळाशी दिसणारं ९० मिली दूध बघून आजीचा जीव तुटतो आणि ती आणखी ओतते, हा मोठ्या बाटलीचा खरा तोटा.

दूध काढायचा पंप आधीच घेतला असेल तर त्याच्या आट्यांवर बसणारी बाटली घ्या. मेडेलाच्या पंपाच्या बाटल्या अरुंद तोंडाच्या असतात, रुंद तोंडाचं निपल त्यावर बसणार नाही. एकाच कंपनीच्या दोन प्रकारांची निपलं एकमेकांना लागत नाहीत असंही होतं. काढलेल्याच बाटलीतून पाजता आलं तर भांडी कमी होतात आणि दरवेळी ओतताना कडांना चिकटून जाणारी साय वाचते.

आता कोल्हापुरात सहज मिळणारा आणि या खोक्यांच्या गर्दीत विसरला जाणारा पर्याय: बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. गुजरीत चांदीचं मिळतं, भांड्यांच्या दुकानात स्टीलचं. आई तीन-चार तासच बाहेर जाणार असेल, किंवा बाळ अजून सहा आठवड्यांचंही नसेल, तर बाटली घेऊच नका. बोंडलं नाहीतर वाटी-चमचा घ्या. निपलच नसल्याने ओठ आवळायची सवय लागत नाही, आणि स्वच्छ करायला त्याहून सोपं भांडं नाही. घेताना चोचीत बोट फिरवून बघा. आतून गुळगुळीत हवी, डागाचा खडबडीत जोड नको, आतल्या बाजूला नक्षी नको. नक्षीत दूध बसतं. पाजताना बाळ जवळजवळ बसतं धरायचं, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची, दूध ओठाला लागेल इतकंच तिरपं करायचं आणि बाळाला ते आपणहून घेऊ द्यायचं. पायावर आडवं टाकून घशात ओतायची जुनी पद्धत धोक्याची आहे, दूध श्वासनलिकेत जातं. बोंडल्याचा एकच त्रास: निम्मं दूध लाळेऱ्यात जातंय की काय असं वाटतं, आणि सुरुवातीला थोडं जातंच. तेवढं जादा काढून ठेवा. चार बाळं सांभाळणाऱ्या मावशींकडून मात्र बोंडल्याची अपेक्षा धरू नका. तिथे बाटलीच.

बाटलीने पाजायची रीतही बोंडल्यासारखीच संथ हवी. बाळ उभट धरा. निपल वरच्या ओठाला लावून थांबा, तोंड मोठं उघडलं की मग आत. बाटली आडवी ठेवा, निपल अर्धंच भरलं तरी चालेल. वीस-तीस सेकंदांनी बाटली खाली झुकवून श्वास घेऊ द्या. मध्यावर बाजू बदला. ९० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागावीत. पाचात संपलं तर वेग जास्त. भुवया वर, बोटं ताठ पसरलेली, गटागट आवाज, ठसका ही त्याचीच लक्षणं. पहिली बाटली आईने देऊ नये. आईचा वास येत असताना बाळ बाटली का घेईल? रडायच्या टोकाला जायच्या आधी, थोडी भूक असताना, दुसऱ्या कुणीतरी द्यावी. रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधी, दिवसातून एकदा.

दूध २५ अंश किंवा त्याखालच्या खोलीत चार तास राहतं. एप्रिल-मेमधल्या कोल्हापूरच्या दुपारी हा हिशोब लावू नका, बर्फाच्या पिशवीतूनच न्या. कोमट करायला बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. वर आलेली साय बाटली हलकेच गोल फिरवली की मिसळते. उष्टं दूध पाजायला सुरुवात केल्यापासून दोन तासांत संपवा, नाहीतर टाका. आणि दूध कमी पडलं म्हणून म्हशीचं पातळ करून देऊ नका. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कोल्हापूरची शान असेल, पण वर्षाच्या आतल्या बाळासाठी ते नव्हे.

धुताना आधी गार पाणी. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं आवळतात आणि कडेला पांढरा पापुद्रा बसतो. मग सगळे भाग सुटे करून गरम साबणपाणी आणि ब्रश, निपलला वेगळा छोटा. पातेल्यात तळाला फडकं घालून, सगळं बुडेल इतक्या पाण्यात पाच मिनिटं उकळा. बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरट थर येतो, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवला की सुटतो. पावसाळ्यात खरी अडचण वाळवण्याची. जुलै-ऑगस्टमध्ये रिंगेच्या आट्यांत ओल राहते आणि काळे ठिपके धरतात. रिंग लावून बंद ठेवू नका, भाग सुटेच जाळीवर ठेवा, टॉवेलने आतून पुसू नका.

सिलिकॉनचं निपल दोन-तीन महिन्यांनी बदला, पिवळट रबराचं त्याहून लवकर. बदलायच्या आधीही दर आठवड्याला टोक धरून ओढून बघा. चीर, चिकटपणा, फुगवटा दिसला की टाकायचं. बाळ बाटली झिडकारत असेल तर नवी आणण्याआधी ठेवलेलं दूध चाखून बघा. काही आयांचं दूध फ्रिजमध्ये साबणासारखं वास मारतं. ते खराब नसतं, पण काही बाळांना चालत नाही. अशा वेळी ताजं काढलेलं दूध त्याच बाटलीतून द्या. घेतलं, तर बाटलीत खोट नाही. नाही घेतलं, तर तेच निपल निदान पाच-सहा दिवस चालू ठेवून मगच दुसऱ्या उताराचं बघा.

पहिल्या खेपेला एकच बाटली आणि एकच निपल घ्या. पाकीट फोडलेलं निपल दुकानदार परत घेत नाही, आणि त्याने घेऊही नये.