मनपा शाळेतला रविवारचा कामगार वर्ग: कुणी जावं, काय मिळतं

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर आहे, ठेकेदाराकडून. मुलगी मनपाच्या मराठी शाळेत सहावीला. आमच्या भागातली युनियन रविवारी दुपारी त्याच शाळेच्या एका खोलीत कामगारांसाठी वर्ग घेते. कंपनीतल्या बायका सारख्या विचारतात, "तिथं शिकवतात तरी काय?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सुरुवात पगारपावतीपासून होते. सर फळ्यावर एक पावती काढतात आणि प्रत्येकाला आपापली शेजारी धरून जुळवायला लावतात. पीएफचे १२ टक्के कशावर कापले, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के कुठे दिसतात, ओव्हरटाइम दुप्पट दराने लावला की नाही. माझ्या बाजूला बसलेल्या काकूंच्या पावतीवर पीएफ कापलेला होता, पण यूएएन म्हणजे पीएफच्या ओळख नंबरची जागा कोरी. त्या म्हणाल्या, "कापून राह्यले म्हणजे जमा होतच असंल ना, सर." सर म्हणाले, "जमा होऊन राह्यला का नाही, हे विचाराचा हक्क तुमचाच आहे, काकू. नंबर मागा." मग अर्ज कसा लिहायचा ते तिथेच शिकवलं, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही हेही.

पण माझ्या मते या वर्गाचा खरा कस सभेच्या तासाला लागतो. दर वेळी एक सभा भरवतात. अध्यक्ष आमच्यातलाच, चिठ्ठी टाकून निवडलेला. विषयपत्रिका फळ्यावर. आधी मागचं इतिवृत्त, म्हणजे मागच्या सभेची नोंद, वाचायचं, मग ठराव, तो मांडणारा सूचक, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक, चर्चा, मतदान. विरोधात हात वर झाले तर ते मोजून लिहायचे, खोडायचे नाहीत. वर्गाच्या चहा-झेरॉक्सच्या वर्गणीचा हिशेबही त्याच सभेत वाचला जातो. एकदा झेरॉक्सची पावती कमी पडली तर खजिनदार झालेल्या तरुण फिटरला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागलं. कुणी त्याला हसलं नाही, कुणी सोडलंही नाही. युनियनच्या हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार सभासदाला कायद्यानेच आहे, हे सरांनी तेव्हाच सांगितलं. नेत्याला असा प्रश्न विचारायची सवय ज्या माणसाला लागली, तो नगरसेवकालाही विचारतो.

मी विचारलं ते शाळेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. मी त्या समितीवर होतेच, पण सही करण्यापुरती. या खेपेला रजिस्टर फिरत माझ्याकडे आलं तेव्हा म्हटलं, "मॅडम, आधी मागचं इतिवृत्त वाचून दाखवा." मॅडमनी वाचलं. पाण्याच्या फिल्टरचा ठराव आधीच झालेला होता. काम कुणी करायचं आणि कधीपर्यंत, ते मात्र लिहिलंच नव्हतं. आम्ही नाव आणि तारीख घातली. पुढच्या सभेत पहिला विषय तोच आला. मॅडमही खूश होत्या, कारण वरच्या कार्यालयात जाताना हातात पालकांचा नीट ठराव होता. सरकारी शाळा टिकवायची तर ती आपली आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, अशी बैठक चालवता यावी लागते. ज्यांच्या घरी हे शिकवायला कुणी नाही त्यांनी ते शिकायचं कुठं? शाळेत आणि युनियनमध्ये. मला तरी तिसरी जागा दिसत नाही.

इतिहासाचा तास जरा घाईत उरकतात, याचं वाईट वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली, आणि त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. सगळ्यांसाठी शाळेची ही मागणी आणि कामगारांचा हा लढा एकाच सत्यशोधक चळवळीतून आले, हे मला इथे कळलं. आपण बसतो तो रविवारही त्यातलाच. नागपूरचं तर कितीतरी सांगण्यासारखं आहे. १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथं मजुरीवरून संप झाला. १९२९ साली आयटक या देशभरातल्या कामगार संघटनांच्या महासंघाचं अधिवेशन इथंच भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि ब्रिटिशांच्या मजूर आयोगावर बहिष्कार टाकायचा की नाही यावरून संघटना फुटली. सरांनी हे सगळं अर्ध्या तासात बसवलं. त्या फुटीवर एक पूर्ण सभा घ्यायला हवी होती. मतभेद झाले तरी एकत्र कसं राहायचं, हा प्रश्न आमच्या कंपनीत आज आहे. कायम कामगार आणि ठेक्यावरचे एका टेबलावर डबासुद्धा खात नाहीत.

बाकी उणिवा साध्या आहेत. बाकं लहान मुलांची, गुडघे दुखतात. झेरॉक्स फिकट, त्यात कायद्याची भाषा सरकारी. वाचून समजावणारं कुणी नसेल तर घरी डोक्यात शिरत नाही. आणि लहान लेकरं सांभाळायची सोय नाही, म्हणून तरण्या बायका दोन रविवार येतात न् बंद होतात. ही सोय युनियनने आधी करावी, बॅनर नंतर छापावेत. सभेत मी हा ठराव मांडला आहे, अनुमोदन मिळालं, मतदान पुढच्या रविवारी आहे.

फी नाही, वर्गणी ऐच्छिक. युनियनचं सभासद असायची अट नाही. घरकामवाल्या, सिक्युरिटी गार्ड, डिलिव्हरीवाली पोरं, सगळे चालतात. येताना पगारपावती आणा. पावती मिळतच नसेल तर हजेरीचं कार्ड किंवा बँकेचं पासबुक आणा, सर त्यावरूनही हिशेब लावून देतात.